वादळाचा मार्ग कळतो, पोटातले थर कळत नाहीत

पुणे - ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दुपारचे साडेबारा वाजून गेले होते. पुढच्या दोन तासांत ते पूर्णपणे जमिनीवर आले आणि घाटाच्या रोखाने निघाले. टाळेबंदीमुळे पुणेकर त्या दिवशी बहुतांशी घरातच होते. कोथरूडमधील गृहसंस्थांमध्ये खिडक्या बंद करून, भ्रमणध्वनीवर आलेले उपग्रहाचे चित्र पुन्हा पुन्हा पाहिले जात होते. शहरात अनेक ठिकाणी झाडे उन्मळून पडली, वीज गेली, पत्रे उडाले. समुद्रापासून शंभर किलोमीटर आत, मध्ये सह्याद्रीची भिंत असताना, चक्रीवादळाचा हा अनुभव बहुतेकांना नवा होता.

त्या दिवशी सर्वांनी पाहिलेल्या चित्रात एक पांढरे, फिरते चक्र होते. चक्रीवादळाची जनमानसातील ओळखही तीच आहे: नकाशावर सरकणारी एक तबकडी आणि तिच्यापुढे काढलेली मार्गाची रेघ. प्रत्यक्षात चक्रीवादळ ही पंधरा-सोळा किलोमीटर उंचीची रचना असते. तिच्या प्रत्येक थरात वाऱ्याचा वेग, दिशा, तापमान आणि आर्द्रता वेगळी असते. वादळ कोठे जाणार, हे आता बऱ्यापैकी आधी सांगता येते. ते किती ताकदीने येणार, ही ताकद किती वेगाने वाढणार आणि जमिनीवर आल्यावर किती काळ टिकणार, या प्रश्नांची उत्तरे मात्र या उभ्या रचनेत दडलेली असतात. आणि अरबी समुद्रातील वादळांच्या पोटात ती रचना थेट मोजण्याची नियमित व्यवस्था भारताकडे अद्याप नाही.

हा प्रश्न पुण्याच्या अंगणातला आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था कोथरूडपासून वेताळ टेकडीच्या पलीकडे, पाषाणमध्ये आहे. शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून येथे आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले, नाव मात्र चौकाला चिकटून राहिले. देशातील वादळांचा अभ्यास ज्या शहरात होतो, त्याच शहराला २०२० मध्ये वादळाची झळ बसली.

तळमजला, भिंत आणि छप्पर

चक्रीवादळाचे इंधन समुद्रात असते. पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून अधिक असले, की मोठ्या प्रमाणावर बाष्प तयार होते. कमी दाबाच्या केंद्राकडे चोहोबाजूंनी हवा धाव घेते आणि वाटेत हे बाष्प गोळा करते. ही आत येणारी हवा समुद्रसपाटीपासून सुमारे एक ते दीड किलोमीटरपर्यंतच्या थरातच असते. वादळाचा हा तळमजला. सगळी आवक येथूनच होते.

केंद्राजवळ पोहोचलेली हवा आणखी आत जाऊ शकत नाही. वेगाने गोल फिरत ती वर चढते. या चढत्या हवेची, उंच ढगांची, कड्याच्या आकाराची जी भिंत तयार होते, तीच वादळाचा सर्वांत विध्वंसक भाग. ही भिंत सरळ उभी नसते. वर जाताना ती बाहेरच्या बाजूला कलत जाते, एखाद्या प्रेक्षागाराच्या पायऱ्यांसारखी. वर चढताना बाष्पाचे पाणी होते आणि बाष्पात साठलेली उष्णता हवेला मिळते. बारा ते सोळा किलोमीटरच्या पातळीवर, म्हणजे तपांबराच्या माथ्याशी, हवेला आणखी वर जाण्यास वाव उरत नाही. तेथे ती पसरते आणि केंद्रापासून दूर गेल्यावर उलट्या दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, वळू लागते. खाली डावीकडे फिरणारे वादळ माथ्यावर उजवीकडे उलगडते. उपग्रहाच्या नेहमीच्या चित्रात दिसणारे पांढरे चक्र हे मुख्यतः या छपराचेच चित्र असते.

मधोमध असलेल्या डोळ्यात नेमके उलटे घडते. तेथे हवा हळूहळू खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते आणि कोरडी होते. म्हणून ढग विरतात. बाष्पातून मिळालेली उष्णता आणि या उतरत्या हवेचे तापणे यांमुळे वादळाचा गाभा त्याच उंचीवरील भोवतालच्या हवेपेक्षा उबदार असतो. तीव्र वादळांत हा फरक दहा अंशांहून अधिक भरतो. तो नेमका कोणत्या उंचीवर सर्वाधिक असतो, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पूर्वी दहा किलोमीटरच्या वरचा थर सांगितला जाई; अलीकडचे काही अभ्यास तो पाच-आठ किलोमीटरच्या आसपास असल्याचे दाखवतात.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. उबदार हवा हलकी असते. गाभ्यातील हवेचा स्तंभ जितका उबदार, तितके त्याचे वजन कमी आणि तितका समुद्रसपाटीवरील दाब कमी. दाब एका हेक्टोपास्कलने उतरणे म्हणजे दर चौरस मीटरवरील हवेचे वजन सुमारे दहा किलोने घटणे. 'निसर्ग'च्या केंद्रातील दाब हवामान खात्याच्या अनुमानानुसार ९८४ हेक्टोपास्कलपर्यंत खाली आला होता. भोवतालच्या दाबाहून वीस हेक्टोपास्कलचा फरक धरला, तरी दर चौरस मीटरमागे सुमारे दोनशे किलो हवा वादळाने वरच्या वाटेने बाहेर फेकलेली असते. ती पोकळी भरून काढण्यासाठी जो वारा धावतो, तोच आपल्याला वादळ म्हणून जाणवतो. तेव्हा सात-आठ किलोमीटर उंचीवर ऊब किती आहे, हे कळल्याशिवाय खाली वारा किती असेल, हे खात्रीने सांगता येत नाही.

वाऱ्याचा सर्वाधिक वेगही जमिनीलगत नसतो. गाभा उबदार असल्याने वर जावे तसा दाबातील फरक कमी होतो आणि वारा मंदावतो. अगदी तळाशी पृष्ठभागाच्या घर्षणाने तो अडतो. या दोहोंच्या मध्ये, भिंतीच्या परिसरात सरासरी पाचशे मीटरच्या आसपास, तो शिखरावर असतो. अटलांटिक महासागरातील वादळांमध्ये विमानातून सोडलेल्या उपकरणांनी हे प्रत्यक्ष मोजले आहे.

सह्याद्रीने अडवले ते काय?

ही उंची लक्षात घेतली, की 'निसर्ग'चा पुणे मुक्काम अधिक नीट समजतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. कोथरूडमधून दक्षिणेला दिसणारा सिंहगडाचा माथा तेराशे मीटरच्या घरात आहे, तोरणा त्याहून थोडा उंच. म्हणजे घाटमाथ्याची उंची ही वादळाच्या तळमजल्याच्या उंचीएवढी आहे. बाष्पाची आवक करणारा थर आणि सर्वांत वेगवान वाऱ्याचा थर, हे दोन्ही थेट डोंगरावर आदळतात. वरच्या दहा-बारा किलोमीटरच्या थरांना सह्याद्रीची फारशी अडचण नसते. ते पुढे सरकत राहतात.

'सह्याद्री पुण्याला वाचवतो' ही आपल्याकडची समजूत म्हणूनच अर्धी खरी आहे. डोंगर वादळाचा पाया कापतो. समुद्राचे बाष्प मिळेनासे होते, खडबडीत जमिनीचे घर्षण वाढते आणि काही तासांत गाभा थंडावू लागतो. किनाऱ्यावर ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचे वारे घेऊन आलेले 'निसर्ग' संध्याकाळपर्यंत बरेच क्षीण झाले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे अवशेष विदर्भाकडे पोहोचले, ते याच क्रमाने. परंतु वादळ खोल आणि ताठ उभे असेल, तर वरच्या थरांत साठलेले चक्राकार वारे लगेच थांबत नाहीत. पावसाबरोबर वरची वेगवान हवा झोतांनी खाली येते. सरासरी वारा बेताचा असतानाही एखादा झोत जुना गुलमोहर मुळासकट उपटतो, त्याचे कारण हे. उथळ वादळ घाटात विस्कटते. खोल वादळ घाट ओलांडून येते. येणारे वादळ यांपैकी कोणत्या जातीचे आहे, हे किनारा ओलांडण्याआधी कळणे पुण्याच्या दृष्टीने मार्गाच्या रेघेइतकेच महत्त्वाचे आहे.

कोकणात या प्रश्नाची किंमत अधिक होती. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या बागा, मुरूडची नारळाची झाडे, दापोली-मंडणगडच्या आमराया काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचे झाड पडले की नव्याचे उत्पन्न हाती येण्यास कित्येक वर्षे जातात. वादळ येणार हे दोन दिवस आधी माहीत होते, किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले आणि त्यामुळे जीवितहानी मर्यादित राहिली, हे यश निर्विवाद आहे. पण १ जूनला कमी दाबाच्या अवस्थेत असलेली प्रणाली ३ जूनच्या सकाळी तीव्र चक्रीवादळ झाली होती. तयारीसाठी मिळालेला अवधी एवढाच.

शहरात या उंचीच्या गणिताला आणखी एक पदर आहे. हवामान खाते वादळाच्या इशाऱ्यात वाऱ्याचा जो वेग देते, तो जमिनीपासून दहा मीटर उंचीवरील, तीन मिनिटांच्या सरासरीचा असतो. इमारतींच्या आराखड्यासाठी भारतीय मानकात पुण्याकरिता धरलेला मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर आहे. मुंबईसाठी तो ४४ मीटर. हे आकडेही दहा मीटर उंचीचे असून, वरच्या मजल्यांसाठी ते वाढवून घ्यावे लागतात. अभियंता इमारतीचा सांगाडा या हिशेबाने बांधतो. गच्चीवर नंतर टाकलेले पत्रे, जाहिरात फलक, सौर बंब, बाल्कनीला लावलेल्या काचा यांचा हिशेब कोण करतो? पौड रस्त्याच्या दुतर्फा गेल्या वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या उंच इमारतींमध्ये विसाव्या मजल्यावरचा रहिवासी इशाऱ्यातला जो आकडा ऐकतो, तो त्याच्या खिडकीबाहेरच्या वाऱ्याचा नसतो.

दुरून पाहण्याच्या मर्यादा

मग ही उभी रचना भारतात पाहिली कशी जाते? साधने पुष्कळ आहेत आणि ती सुधारतही आहेत. प्रत्येकाची मर्यादा मात्र नेमकी वादळाच्या पोटाशी येऊन थांबते.

भूस्थिर उपग्रह चोवीस तास वादळावर नजर ठेवतात. इन्सॅट-३डी, ३डीआर आणि २०२४ मध्ये सोडलेला ३डीएस या उपग्रहांवर तर वातावरणाचे थर वाचण्यासाठी एकोणीस वाहिन्यांचे खास उपकरण बसविलेले आहे. ते उपकरण अवरक्त किरणांवर चालते आणि हे किरण दाट ढगांतून आरपार येत नाहीत. परिणामी जेथे माहिती सर्वाधिक हवी, तेथेच ते आंधळे होते. सूक्ष्मलहरींवर चालणारी उपकरणे ढगांच्या आत डोकावू शकतात. ती ध्रुवीय वा कमी उंचीच्या कक्षेतील उपग्रहांवर असल्याने वादळावरून काही तासांनी एकदाच जातात आणि अरुंद गाभ्याचे चित्र त्यांत धूसर उमटते. भारत आणि फ्रान्स यांनी २०११ मध्ये सोडलेला 'मेघा-ट्रॉपिक्स' हा उपग्रह उष्ण कटिबंधातील आर्द्रतेचे थर मोजत असे. मार्च २०२३ मध्ये तो नियंत्रितपणे खाली आणण्यात आला.

वादळाची ताकद ठरविण्याची रोजची पद्धत आजही मुख्यतः ढगांच्या आकृतिबंधावर आधारलेली आहे. अमेरिकी हवामानतज्ज्ञ व्हर्नन ड्वोराक यांनी १९७० च्या दशकात ती विकसित केली. अनुभवी डॉक्टर चेहरा पाहून रोगाचा अंदाज बांधतो, तशी ही पद्धत. ती आश्चर्यकारकरीत्या उपयोगी ठरली आहे. पण छपरावरून घराच्या आतली परिस्थिती ओळखण्याचा हा प्रकार आहे आणि घरात वेगाने उलथापालथ होत असेल, तर छपरावर ती उशिराच दिसते.

किनाऱ्यावरील डॉप्लर रडारची अडचण पृथ्वीच्या गोलाईची आहे. रडारचा सर्वांत खालचा झोत साधारण अर्ध्या अंशाने वर रोखलेला असतो. जमीन वळत जाते, झोत सरळ जातो. शंभर किलोमीटर अंतरावर तो सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असतो. दोनशे किलोमीटरवर चार किलोमीटरच्या वर. म्हणजे मुंबईपासून दोनशे किलोमीटरवर असलेल्या वादळाचा अख्खा तळमजला रडारच्या नजरेखालून निसटतो. पुण्याच्या बाबतीत मध्ये सह्याद्रीचा आडोसाही येतो. पुण्यासाठी स्वतंत्र रडारची मागणी जुनी आहे, त्यामागचे हे एक कारण.

उरतो तो हवामान फुगा. फुग्याला टांगलेले रेडिओसोंड नावाचे छोटे यंत्र वर जाताना दर काही सेकंदांनी तापमान, आर्द्रता आणि दाब कळवते. त्याच्या सरकण्यावरून वारा कळतो. थरांचे सर्वांत विश्वासार्ह मोजमाप आजही हेच. फुगे जगभर ठरलेल्या वेळांना सोडले जातात. भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या मुख्य निरीक्षणांच्या वेळा आहेत. 'निसर्ग' किनाऱ्यावर आले ते या दोन वेळांच्या मध्ये. आणि मुळात फुगा जमिनीवरून सुटतो. भर समुद्रातल्या वादळात तो कोण सोडणार?

विमानातून वादळात

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधले. २७ जुलै १९४३ रोजी कर्नल जोसेफ डकवर्थ यांनी टेक्सासच्या किनाऱ्याजवळ आलेल्या वादळाच्या डोळ्यात एक इंजिनाचे प्रशिक्षणाचे विमान नेले आणि सुखरूप परत आणले. पुढे हे तेथील हवामान सेवेचे नित्याचे काम झाले. चार इंजिनांची विमाने साधारण तीन किलोमीटर उंचीवरून वादळाच्या आरपार जातात. दुसरे जेट विमान तेरा-चौदा किलोमीटरवरून भोवती घिरट्या घालते. विमानातून लहान हवाई छत्रीला बांधलेले यंत्र, ड्रॉपसोंड, खाली सोडले जाते. समुद्रात पडेपर्यंतच्या काही मिनिटांत ते प्रत्येक थराची खबर देते. रेडिओसोंड वर जाते, ड्रॉपसोंड खाली येते, एवढाच फरक. याच मोजमापांतून हे सिद्ध झाले, की डोळ्याभोवतीच्या भिंतीत तीन किलोमीटरवर जो वारा असतो, त्याच्या सुमारे ९० टक्के वेग समुद्रपृष्ठावर असतो. हे काम धोक्याचे आहे. १९८९ मध्ये 'ह्यूगो' वादळात केवळ साडेचारशे मीटर उंचीवरून शिरलेले विमान एक इंजिन गमावून कसेबसे बाहेर आले होते.

विमानाने काय फरक पडतो, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोत दिसले. 'ओटिस' हे वादळ उपग्रहांच्या चित्रात मध्यम ताकदीचे वाटत होते आणि प्रारूपांनीही फार वाढ दाखविली नव्हती. विमान आत पोहोचले तेव्हा ते कल्पनेपेक्षा कितीतरी बलवान झाल्याचे उघड झाले. अवघ्या एका दिवसात सर्वोच्च श्रेणी गाठून ते अकापुल्को शहरावर आदळले. तेव्हा फार उशीर झाला होता हे खरे. विमान नसते, तर तो शेवटच्या काही तासांचा इशाराही मिळाला नसता.

आता या बाजूची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्रशांत महासागराच्या पश्चिम भागातील विमानफेऱ्या अमेरिकेने १९८७ मध्ये खर्चापायी थांबविल्या. जगातील बहुतेक देश उपग्रहांवरच भागवतात. उत्तर हिंदी महासागरात वर्षाला सरासरी पाचच चक्रीवादळे होतात. त्यांपैकी अरबी समुद्राच्या वाट्याला दीर्घकालीन सरासरीने एखादेच येते. एवढ्यासाठी विमानांचा ताफा पोसावा का, हा हिशेबी माणसाचा प्रश्न रास्त आहे. त्याला तैवानचे उदाहरण हे उत्तर ठरू शकते. तैवानने २००३ पासून एका छोट्या जेट विमानातून ड्रॉपसोंड सोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. हे विमान वादळाच्या भिंतीत शिरत नाही. वरून आणि भोवतालून उडत थरांची माहिती गोळा करते. त्याने वादळाच्या मार्गाच्या अंदाजातही सुधारणा झाली.

भारतीय शास्त्रज्ञांना या विषयाची ओळख नव्याने करून द्यावी लागणार नाही. पावसाळ्यात भारतावरून सुमारे चौदा किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या पूर्वेकडील वेगवान वाऱ्याचा झोत पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात जगापुढे आणला. याच कोटेश्वरम यांनी १९६७ मध्ये अटलांटिकमधील वादळांच्या अगदी वरच्या थरांची, तपांबराच्या माथ्याची आणि त्यावरील स्थितांबराची रचना उलगडणारा निबंध अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे ते हवामान खात्याचे महासंचालक झाले. भारतीय शास्त्रज्ञाने वादळाचा माथा अभ्यासला, तो अटलांटिकमधल्या वादळांचा! पाषाणच्या संस्थेने २००९ पासून ढग आणि धूलिकणांच्या अभ्यासासाठी भाड्याच्या विमानातून मोसमी ढगांत उड्डाणे केली. म्हणजे ढगात विमान नेण्याचा अनुभव पुण्याच्या गाठीशी आहे. चक्रीवादळासाठी तसे उड्डाण करण्याची चर्चा बरीच वर्षे होत आहे. नियमित सेवा उभी राहिलेली नाही.

बदलता अरबी समुद्र

वर्षाला एखादे वादळ, हा हिशेबही आता जुना होत चालला आहे. पाषाणच्या संस्थेतील मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. त्यांचा एकूण कालावधी ८० टक्क्यांनी वाढला. त्याच काळात बंगालच्या उपसागरातील संख्या किंचित घटली. समुद्राचे वाढते तापमान हे कारणांपैकी प्रमुख आहे.

पण समुद्र तापला म्हणून वादळ होतेच असे नाही; येथेही उभी रचनाच निर्णायक ठरते. जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रावर खाली पश्चिमेचे आणि वर पूर्वेचे जोरदार वारे असतात. खालचा मजला एका दिशेने आणि वरचा दुसऱ्या दिशेने ओढला जात असेल, तर इमारत उभी राहत नाही. म्हणून भर पावसाळ्यात येथे चक्रीवादळे बहुधा होत नाहीत. ती मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. वरच्या-खालच्या वाऱ्यांतील हा विरोध कमी झाला आणि मधल्या थरात पुरेसा दमटपणा असला, की वादळ झपाट्याने बळावते. मधल्या थरात वाळवंटी प्रदेशाकडून कोरडी हवा शिरली, तर तेच वादळ समुद्रातच रोडावते.

मे २०२१ मधील 'तौक्ते' पहिल्या प्रकारचे होते. कोकणाला समांतर सरकताना त्याने १७ मेपर्यंत अतितीव्र रूप घेतले आणि नंतर ते गुजरातच्या किनाऱ्यावर गेले. मुंबईजवळच्या समुद्रात तेलक्षेत्रातील कामगारांचे तराफाजहाज बुडून अनेकांचा बळी गेला. जून २०२३ मधील 'बिपरजॉय' समुद्रात दहा-बारा दिवस रेंगाळले, कधी वाढत, कधी मंदावत. अखेर १५ जूनला ते गुजरातमधील जखाऊजवळ धडकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'शक्ती' तीव्र चक्रीवादळ झाले, महाराष्ट्राच्या किनाऱ्याला इशारे देण्यात आले आणि नंतर ते समुद्रातच विरले. तीन वादळे, तीन स्वभाव. फरक पाण्याच्या तापमानापेक्षा वरच्या थरांनी अधिक घडवला.

महासंगणकाची भूक

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये 'मिशन मौसम'साठी दोन वर्षांकरिता २००० कोटी रुपये मंजूर केले. नवी रडार, उपग्रहांवरील प्रगत उपकरणे, वाऱ्याचे थर मोजणारी यंत्रे हे त्यात आहे. त्याच महिन्यात पाषाणच्या संस्थेत 'अर्का' हा ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा महासंगणक कार्यान्वित झाला. मे २०२५ मध्ये संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' राष्ट्राला अर्पण करण्यात आली. पूर्वी बारा किलोमीटरचा चौकोन हे अंदाजाचे एकक होते, ते आता सहा किलोमीटरवर आले आहे. हे यश लहान नाही.

मात्र डोळ्याभोवतीची भिंत दहा-वीस किलोमीटर रुंदीची असते. सहा किलोमीटरच्या जाळीत ती जेमतेम दोन-तीन चौकोनांत मावते. संगणकाला ती दिसू लागली आहे. ती आज, या क्षणी, कोणत्या थरात किती उबदार आणि किती दमट आहे, हे त्याला सांगणारे कोणी नाही. प्रारंभीची स्थिती अनुमानाने भरली जाते आणि त्या अनुमानातली चूक पुढच्या प्रत्येक तासाच्या अंदाजात वाढत जाते. गेल्या दोन दशकांत मार्गाचा अंदाज जितका सुधारला, तितका ताकदीचा सुधारला नाही, याचे हे मोठे कारण आहे. मार्ग ठरतो वादळाभोवतीच्या विस्तीर्ण वाऱ्यांवर, जे उपग्रह आणि फुगे चांगले टिपतात. ताकद ठरते आतल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये.

विमान हा एकमेव मार्ग आहे, असे नाही. दीर्घकाळ उडणारी मानवरहित विमाने, समुद्रातील तेलक्षेत्रांच्या फलाटांवरून व नौदलाच्या जहाजांवरून सोडायचे फुगे, वादळाच्या काळात मुंबई, पणजी व पुण्याहून दर तीन तासांनी सोडायचे जादा फुगे, हे पर्याय तुलनेने स्वस्त आहेत. यातील शेवटच्यासाठी तर नवी यंत्रणाही लागत नाही; जादा फुगे आणि ते सोडणारी माणसे लागतात. महासंगणकावर झालेल्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ म्हणावी अशीच असेल. तरीही उद्घाटन महासंगणकाचे होते, फुग्याचे होत नाही, ही आपल्या व्यवस्थेची जुनी खोड येथेही आड येते, असे म्हणावेसे वाटते.

अरबी समुद्रातील चक्रीवादळांचा पुढचा हंगाम नेहमीप्रमाणे मे महिन्यात सुरू होईल. त्या वेळी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जिल्हा प्रशासनांना किती गावे हलवायची, याचा निर्णय किनाऱ्यापासून तीन-चारशे किलोमीटरवर असलेल्या वादळाच्या ताकदीवरून घ्यावा लागेल आणि पुणे महापालिकेला झाडांच्या फांद्या कोणत्या रस्त्यांवर आधी उतरवायच्या, याचा. दोन्हीकडे हाती असेल ते छपराचे चित्र, किनाऱ्यावरील रडारने टिपलेले वरचे थर आणि साडेपाचचा फुगा.